भंगारात गेलेलं मशीन

वेणूबाई धावत सुटली तेव्हा आपण का धावतोय याचा विचार करायला तिला सवडच मिळाली नाही. दुपारचे अडीच वाजले होते. अंगणात सुकत घातलेला जवळा हाताने पसरत ती बसली होती आणि बंदराकडून मशीनचा आवाज आला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात बोटीच्या इंजिनाला मशीनच म्हणतात. आवाज आला तशी ती उठली, कोपऱ्यातली पाटी उचलली, जवळ्यावर टपलेल्या दोन मांजरांना मैदान मोकळं सोडलं आणि अनवाणी पायांनी जेटीवर जाऊन उभी राहिली.

जेटीवर बोट नव्हती. असणार कुठून? ओहोटी पार तळाला गेली होती आणि बांधून ठेवलेल्या बोटी चिखलात कुशीवर पडल्या होत्या. अशा पाण्यात बोट आत येत नाही हे रेवदंड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वेणूबाईने तर या जेटीवर पंचेचाळीस वर्षं काढलेली. आणि तीच भर दुपारी, कोरड्या खाडीसमोर, रिकामी पाटी घेऊन उभी.

"काय गो वेणू, चिखल भरून नेवाला आयलीस काय?" पायऱ्यांवर बसलेल्या केसरने विचारलं, आणि तिच्या भोवतीच्या पाच-सहा जणींनी पदर तोंडाला लावले.

केसर म्हणजे वेणूबाईची मैत्रीण. म्हणजे दोघी रोज एका रिक्षाने बाजारात जायच्या, एका सुरीने मासे कापायच्या आणि एकमेकींचं काही चुकलं की आठवडाभर त्यावर जगायच्या. आजच्या मालावर केसरचा महिना सहज निघाला असता.

बायकांच्या मधोमध एक पंजाबी ड्रेसमधली मुलगी बसली होती. गळ्यात हेडफोन, मांडीवर वही, पुढ्यात डब्याएवढा स्पीकर. मशीनचा आवाज त्या डब्यातून येत होता.

तिचं नाव कल्पिता. ती मूळची तळा गावची, भातशेतीवाल्या घरातली, आणि अलिबागच्या कॉलेजात शिकवायची. जिल्ह्यातले जुने आवाज आणि जुन्या माणसांचं बोलणं साठवून ठेवायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. भात झोडायचा आवाज, मिठागरातल्या फळ्यांचा आवाज, रहाटाचा, गुरांच्या घंटांचा, असं काय काय ती सुट्टीच्या दिवशी हिंडून गोळा करायची. समुद्राबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की तो खारट असतो. पण मुलगी गोड होती, ऐकून घ्यायची, आणि ऐकून घेणारं माणूस आजकाल कुठे मिळतं? म्हणून बायका तिच्याभोवती जमल्या होत्या.

"मावशी, माझी चूक झाली," ती घाईघाईने उठत म्हणाली. "मी यांना थळचं रेकॉर्डिंग ऐकवत होते. गेल्या गुरुवारी केलेलं."

वेणूबाईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती डब्याकडे बघत होती.

"हे आमचं मशीन हाय," ती म्हणाली.

आता मात्र पदर कुणी तोंडाला लावले नाहीत, सगळ्या उघड हसल्या. "तुमचं मशीन भंगारात जाऊन आठ वरसं झाली," केसर म्हणाली. "एवढ्यात त्याचे खिळे होऊन कुनाच्या तरी दाराला लागले असतील."

"आमचं हाय. मी सांगते ना!"

कल्पिताने वही उघडली. "बोटीचं नाव 'मोरया'. नाखवा थळचे... नाही, मूळचे रेवदंड्याचेच आहेत. सदा म्हणून."

जेटीवरचं हसू एकदम थांबलं. केसरचंसुद्धा थांबलं, यावरून काय ते समजा.

सदा हा वेणूबाईचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्याला आई नव्हती. त्याला न्हाऊमाखू तिने घातलं, मासळीतले काटे काढून भरवलं तिने, मिसरूड फुटल्यावर नवऱ्याच्या मागे लागून त्याला बोटीवर घ्यायलाही तिनेच लावलं. पुढे त्याचं लग्न थळला झालं. आणि दहा वर्षांपूर्वी, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, बोट रंगवून झालेली, जाळी चढवलेली, उद्या नारळ सोडला की समुद्रावर जायचं, अशा वेळी सदा दोन खलाशी घेऊन सासऱ्याची बोट सांभाळायला निघून गेला. त्याने भावाला सांगितलं होतं. वहिनीला सांगितलं नाही. मोसमाचे पहिले पंधरा दिवस बोट किनाऱ्यावर बसून राहिली, पण त्याचं दुःख वेणूबाईला कमी होतं. आपल्याला न सांगता गेला, हे तिला लागलं. याच जेटीवर, सगळ्यांच्या देखत, ती ओरडली होती, "त्याच्या दारात पाय ठेवीन तर नावाची वेणू न्हाय!" आणि दहा वर्षं ती नावाची वेणू राहिली होती.

"दुसरे आवाज लाव," ती कल्पिताला म्हणाली आणि पायरीवर बसली. "बोटी लाव सगल्या. नाव सांगू नको."

कल्पिताला हा खेळ आवडला. तिने दोन दिवस याच जेटीवर बसून बोटी रेकॉर्ड केल्या होत्या. ती एकेक आवाज लावत गेली. वेणूबाई डोळे मिटून बसली.

"ही गणराजची... ही खालच्या गल्लीतली, नवीन घेतलेली... ही दिपेशची, पन मशीनवर तो न्हाय बसलेला. दिपेश एवढं दामटत न्हाय. खलाशाच्या हातात दिली असंल."

कल्पिताने वहीत बघितलं. दिपेशची बोट आत येत होती तेव्हा स्वतः दिपेश ताप आल्यामुळे घरी होता, असं तिनेच कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. तिने वही बाकीच्यांना दाखवली. बायका आता पुढे सरकून बसल्या.

खरं सांगायचं तर वेणूबाईचा हा कान एके काळी सगळ्या कोळीवाड्यात गाजलेला होता. कोर्लईच्या डोंगराआडून बोट बाहेर यायच्या आत ती कुणाची हे वेणूबाई सांगायची आणि सगळ्यांच्या आधी जेटीवर पोचून चांगली मासळी उचलायची. मग मोबाइल आले. आता नाखवे समुद्रातूनच ग्रुपवर मेसेज टाकतात, 'अर्ध्या तासात येतोय, पापलेट आहे', आणि ज्यांना आपल्या घरातलं कुणी हाक मारतंय ते ऐकू येत नाही अशाही बायका वेळेवर हजर होतात. वेणूबाईच्या कानाला चार-पाच वर्षं काही कामच उरलं नव्हतं. कामाला लावल्यावर तो कसा खुशीत आला होता!

अकरा आवाज झाले, अकराही बरोबर. मग कल्पिताने गालातल्या गालात हसत बारावा लावला.

वेणूबाईने कपाळाला आठी घातली. "हे काय गो? हे मशीन पान्यात कवा उतरलेलंच न्हाय. सुकं वाजतंय. भात भरडतंय काय?"

ती तळ्याची भातगिरणी होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कल्पिताने तर उठून तिचे दोन्ही हात धरले.

पण केसर उगाच केसर नव्हती. "सगलं खरं," ती म्हणाली, "पन भंगारात गेलेलं मशीन वाजेल कसं? त्याचं सांग. रावजीनं सवता विकलं. आता एक तर तुझा कान खोटा, न्हायतर तुझा नवरा."

वेणूबाई पायरीवरून उठली. तिने पाटी उचलली आणि घरी आली.

रावजी ओसरीवर कुणाचं तरी फाटलेलं जाळं तुणत बसला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने बोट काढून टाकली, पण जाळ्यावाचून त्याला करमत नसे, म्हणून शेजाऱ्यांची जाळी तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. मांजरांनी जवळ्याचं काय केलं होतं ते तिने पाहिलं. मांजरांना तिने शिव्या घातल्या नाहीत, तेव्हाच रावजी सावध झाला.

"अवो, आपलं मशीन कुनाला दिलंत?"

"कवाचं मशीन?"

"आपल्याकडं काय धा मशीनं होती?"

"भंगारात गेलं ना! पेनवरून आलेला तो मानूस. एका पायानं लंगडत होता तो." रावजीची सुई भराभर चालायला लागली. "टेम्पोत घालून नेलं त्यानं."

"ते थळला वाजतंय. सदाच्या बोटीवर."

सुई थांबली आणि पुन्हा चालू झाली. रावजी शांत माणूस होता, वादात न पडता पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला. त्याने तेव्हाही गप्प बसायला हवं होतं. पण माणूस घाबरला की नको ते बोलून जातो.

"वेणू," तो म्हणाला, "वय झालं आता. मानसाचे गुडघे जातात, तसा कान पन जातो."

वेणूबाईने आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं. काळी म्हणून, मोठ्या तोंडाची म्हणून, मुलगा कंपनीत लागून पनवेलला राहायला गेला तेव्हा तर दोन महिने लोकांचं ऐकलं. पण कानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ती आत गेली, कल्पिताने दिलेल्या चिठ्ठीवरचा नंबर शेजारच्या पोरीकडून लावून घेतला आणि रावजीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पोरी, उद्या सकाळी थळला जावाचं हाय. तुझं ते यंत्र घेऊन ये."

"थळला?" रावजी बाहेरून ओरडला. "थळला कशाला? ऊन किती हाय!"

सकाळी साडेआठला ती निघाली तेव्हा अंगावर लग्नकार्यातलं हिरवं लुगडं होतं आणि अंबाड्यात वेणी. आपण फक्त मशीन ऐकायला चाललोय, असं तिने केसरला निक्षून सांगितलं होतं. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, आणि किनाऱ्यावर उभं राहिलं म्हणजे दारात पाय ठेवला असं होत नाही, हेही सांगितलं. केसरने "व्हय, व्हय" म्हणत वेणीतलं सुटलेलं फूल नीट खोचून दिलं. नाक्यावर कल्पिता रिक्षा घेऊन थांबली होती. वेणूबाई आत बघते तो रावजी आधीच ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला, इस्त्रीचा सदरा घालून.

"तुमाला कुनी बोलावलं?"

"मना अलिबागला काम हाय."

चौल गेलं, नागाव गेलं. दोन्ही बाजूंच्या सुपारीच्या वाड्यांतून गार वारा येत होता. कल्पिताने उत्साहाने दोन-चार प्रश्न विचारले. रावजीने प्रत्येकाला "व्हय" असं उत्तर दिलं, ज्यांचं उत्तर तसं असू शकत नव्हतं त्यांनाही. अलिबागला एसटी स्टँडजवळ रिक्षा बदलायची होती. तिथे चहा घेताना त्याने कप खाली ठेवला आणि रस्त्याकडे बघत सांगून टाकलं.

"आपलंच हाय ते."

वेणूबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"त्याचं मशीन भर मोसमात बसलं. नवीन घेवाची ऐपत नव्हती. तू बाजारात गेलेलीस तवा आला. घरात न्हाय आला, हिरीजवळच उभा राहिला. आपलं मशीन परसात पडलेलं, त्याच्यावर पाला साचलेला. तो पाला त्यानं झाडला. मग सदरा काढून मशीन पुसत बसला. मागितलं न्हाय त्यानं, येक सबूद बोलला न्हाय. मीच म्हटलं, ने."

पहिल्या क्षणी वेणूबाईला राग आला नाही. तिला आनंद झाला. तिने कल्पिताच्या मांडीवर एवढ्या जोराने थाप मारली की चहा सांडला. "ऐकलंस? माझा कान न्हाय खोटा! लिही तुझ्या वहीत!" आणि मग, आनंद ओसरल्यावर, राग आला. तोही लहानसहान नव्हता.

"म्हंजी तो पेनवाला?"

रावजीने कप पुन्हा उचलला.

"लंगडत होता म्हनालात! आठ वरसं मना त्या लंगड्या मानसाची दया येत होती! येवढं वजन कसं उचललं असंल बिचाऱ्यानं, म्हनून!"

शेजारच्या बाकावरचे दोघे चहा प्यायचे थांबून ऐकायला लागले. कल्पिताला हसू आवरत नव्हतं आणि रेकॉर्डर चालू ठेवावा की बंद करावा हेही कळत नव्हतं. तिने चालू ठेवला.

"तुला सांगितलं असतं तर तू नेऊ दिलं असतंस?" रावजी म्हणाला.

"न्हाय!"

"मग?" त्याने बायकोकडे मान वळवली. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, पण सुरुवात झाली होती. "आनि तवा पुनवेला तो तुला न सांगता गेला ना, त्याचं पन आईक. तुझ्याकडं आला असता तर तू रडली असतीस. तू रडली असतीस तर तो गेलाच नसता. तिकडं म्हातारा सासरा, घरात कमवता कुनी न्हाय. म्हनून तोंड चुकवून गेला. मना म्हनला होता, दादा, वयनीला तू सांग. मी न्हाय सांगितलं. मना बी धीर झाला न्हाय."

दहा वर्षं सांभाळलेला राग असा एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीपुढे, कुणी बाजूला काढून ठेवला तर माणसाने करावं काय? वेणूबाईने पदराने तोंड पुसलं. डोळेही पुसले, पण ते उन्हाने पाणावले होते असं ती नंतर केसरला सांगणार होती.

"मावशी, आता खात्री झाली," कल्पिता हळूच म्हणाली. "परत जायचं का?"

कान खरा ठरला होता. थळला जायचं जे कारण तिने कालपासून छातीशी धरलं होतं ते संपलं होतं. आता गेली तर कशासाठी गेली, हे अख्ख्या रेवदंड्याला कळणार, आणि त्याआधी तिचं तिला.

"रिक्षा बघ," ती म्हणाली. "थळची."

थळच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण भरली होती. पाठीमागे खताच्या कारखान्याची घरघर अखंड चालू होती आणि कल्पिता त्या घरघरीला कंटाळली होती, तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ती घुसायची. वेणूबाईने मात्र ती कानाच्या एका बाजूला सारून ठेवल्यासारखी केली. लुगड्याचा काष्टा वर खोचून ओल्या वाळूत ती उभी राहिली. रावजी चार पावलं मागे थांबला. अर्धा तास गेला. बोटी आल्या, गेल्या, तिने वळूनही पाहिलं नाही.

"आयलं," ती म्हणाली.

कल्पिताने हेडफोन कानावर दाबले. तिला लाटा ऐकू आल्या, कारखाना ऐकू आला, कावळे ऐकू आले. मशीन ऐकू यायला आणखी तीन-चार मिनिटं लागली, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने पाण्यावर 'मोरया' दिसली. तिच्यावर भगवा झेंडा होता आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता.

बोट जवळ येत गेली. माणसाने कपाळावर हात आडवा धरून किनाऱ्याकडे पाहिलं. हिरवं लुगडं, रुंद बांधा, कमरेवर हात. असं उभं राहणारी बाई त्याच्या ओळखीत एकच होती. तो झटकन मागे वळला, काहीतरी ओरडला, आणि मशीन बंद झालं. बोट लाटांवर नुसतीच हलत राहिली. ना पुढे, ना मागे. पन्नाशी ओलांडलेला बाप्या, दोन पोरांचा बाप, वादळात बोट आत आणणारा, आणि शाळा बुडवताना सापडलेल्या मुलासारखा तिथेच थबकला होता.

"अरे, बंद कशाला केलंस?" वेणूबाई ओरडली. तो आवाज लिलावात घडलेला होता, पाण्यावरून सरळ गेला. "लाव ते!"

मशीन पुन्हा लागलं. बोट कमरेएवढ्या पाण्यात आली आणि सदाने नांगर टाकला. तो पाण्यात उतरला, पण पुढे आला नाही. केस पिकले होते त्याचे. पोट सुटलं होतं थोडं. दोघांच्या मधे दहा-बारा हात पाणी होतं आणि बोटीवर मशीन चालूच होतं.

"नोझल कवा साफ केलंस?" वेणूबाईने विचारलं.

सदाने ओल्या हाताने तोंड पुसलं. "गणपतीच्या आधी, वयनी."

"खोटं बोलू नको. मागचा सिलिंडर धापा टाकतोय. मना रेवदंड्याला ऐकू आला."

"करतो, वयनी. आजच करतो."

"आनि तेल कनचं घालतंस? सस्तं घालतंस?"

"न्हाय वयनी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. पाठीमागे रावजी उगाचच वाळूत काहीतरी शोधायला लागला. कल्पिताने रेकॉर्डर उंच धरला होता, तिचा हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही.

सदाने हाताने बोटीकडे खूण केली. "बंद करू का आता? बोलताना काय ऐकू येत न्हाय."

"चालू राहू दे," वेणूबाई म्हणाली. ती पाण्यात उतरली होती, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि ती आणखी पुढे चालली होती. "येवढी लांबून मशीन ऐकाला आयले मी. तुझं तोंड बघाला न्हाय आयले."

आणि बघत मात्र ती त्याच्या तोंडाकडेच होती.